पार्सलवरचा कर आणि घरातलं सोयाबीन

'कस्टमवाल्यांनी लुटलं.' परदेशातून काही मागवलेल्या आपल्या पिढीच्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य. सोबत पावतीचा स्क्रीनशॉट, आणि खाली प्रतिक्रियांची रांग. 'टॅक्स आम्ही भरायचा आणि रस्ते हे असले.' 'मामेभाऊ येतोय ना डिसेंबरात, त्याच्या बॅगेतून आणव.' लिहिणारे सगळे पुण्या-मुंबईचे असतात असं नाही. लातूरला औसा रोडवर खोली करून राहणारी, नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग करणारी मुलंही त्यात असतात. कुणाला कीबोर्डचे स्विच हवे असतात, कुणाला कोरियन बँडचा अल्बम, कुणाला फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी इथल्या दुकानात न मिळणारा सेन्सर.

या रागाशी मला भांडायचं आहे. राग खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो फार लवकर थांबतो, ही माझी तक्रार आहे.

आधी तो कशावरचा आहे ते नीट बघू. स्वतःच्या वापरासाठी परदेशातून वस्तू मागवली की तिच्या किमतीत पाठवणावळ मिळवतात. त्या बेरजेवर सीमाशुल्क. मग शुल्क धरून झालेल्या नव्या बेरजेवर आयजीएसटी. म्हणजे हजाराची वस्तू आणि तीनशे रुपये पाठवणावळ असेल आणि शुल्क १० टक्के, आयजीएसटी १८ टक्के धरला, तर १३०० वर १३० रुपये आणि १४३० वर साधारण २५७ रुपये. झाले ३८७. यात अधिभार धरलेला नाही, कुरिअर कंपनीची हाताळणी फी धरलेली नाही. विमानभाड्यावर शुल्क आणि शुल्कावर पुन्हा कर, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा कुणाचंही डोकं फिरेल.

कर तसा जुनाच आहे. नवी झाली ती पळवाट बंद होणं. काही वर्षांपूर्वीपर्यंत पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला शुल्क लागत नव्हतं, आणि विकत घेतलेल्या मालावरही 'गिफ्ट' लिहून पार्सलं येत होती. १२ डिसेंबर २०१९ ला विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून भेटवस्तू म्हणून पोस्टाने किंवा कुरिअरने माल सोडवून घेणंच बंद केलं. अपवाद दोनच ठेवले: जीव वाचवणारी औषधं आणि राख्या. त्यातही राखी चालेल, राखीसोबतची भेट चालणार नाही, असं सरकारने लिहून ठेवलं. (हे वाक्य लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला बहीण असावी.) पुढे जून २०२० मध्ये शीन आणि क्लब फॅक्टरी, नोव्हेंबरात अलीएक्सप्रेस ही ॲपं बंद झाली, पण त्याचं कारण वेगळं होतं.

बाकीचं जग आता त्याच रस्त्याला लागलं आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी काढून टाकली. युरोपीय संघाने १५० युरोच्या आतल्या पार्सलांतल्या मालावर १ जुलै २०२६ पासून तीन युरोंचं सरसकट शुल्क ठरवलं. तिथल्या ग्राहकांची ओरड आपल्यासारखीच आहे. त्यामुळे 'असं फक्त आपल्याच देशात' हे म्हणणं आता सोडून द्यायला हरकत नाही.

तक्रारीत खरं काय आहे? ऑर्डर देताना एकूण किती पडेल ते बहुतेक वेळा कळत नाही. वस्तू कोणत्या वर्गात धरली जाईल हे नंतर ठरतं, आणि पार्सल अडकलं की विचारायचं कुणाला तेही धड माहीत नसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे जमण्यासारखं नाही असं कुणी सांगितलं तर मला पटत नाही. अमेरिकेने माफी काढल्यावर आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली होती. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती पुन्हा सुरू झाली तेव्हा अमेरिकेचं शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी आगाऊ घ्यायची सोय झालेली होती. म्हणजे अमेरिकेतल्या मुलीला दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या आईला अमेरिकेचं शुल्क नांदेडच्या काउंटरवर कळतं, आणि त्याच काउंटरवर येणाऱ्या पार्सलाचं भारताचं शुल्क कळायला पार्सल येईपर्यंत थांबावं लागतं. यावर भांडा, मी सोबत आहे.

पण 'लूट' म्हणजे काय, आणि ती कुणाची होते?

स्क्रीनशॉट टाकणाऱ्या त्या पोराच्या घरी बहुधा सोयाबीन असतं. लातूरचं मार्केट यार्ड सोयाबीनवर चालतं, नांदेडकडे त्याच्या जोडीला कापूस. आणि घरी वडील जे मागत असतात ते त्याच्या नेमकं उलटं असतं. पोरगा म्हणतो, आयात शुल्क काढा. वडील म्हणतात, लावा. दोघं एकाच जेवणाच्या ताटावर बसतात आणि हा विषय त्यांच्यात निघत नाही, कारण एकाला ते 'कस्टम' म्हणून माहीत आहे आणि दुसऱ्याला 'भाव पडला' म्हणून.

२०२१ चा ऑगस्ट आठवून बघा. सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. लातुरात त्या दिवसांत चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. कोंबडीखाद्य महाग झालं म्हणून कुक्कुटपालन उद्योगाने मागणी केली आणि केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल काट्यावर यायच्या आतच भाव कोसळायला लागला होता. डिसेंबरात सेबीने सोयाबीनचे वायदेही बंद केले. त्या वर्षी कुणी 'लुटलं' असं लिहून स्क्रीनशॉट टाकला असेल तर मला दिसला नाही.

खाद्यतेलाची गोष्ट तर अजून ताजी आहे. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे सोयाबीनचा भाव यार्डात जेवढा ठरतो तेवढाच दिल्लीतल्या अधिसूचनेत ठरतो. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं शुल्क वाढवलं, उपकर धरून ५.५ वरून २७.५ टक्के. विधानसभा निवडणूक दोन महिन्यांवर होती, हा योगायोग समजायचा असेल तर समजा. तरीही त्या हंगामात सोयाबीन ४८९२ च्या हमीभावाखालीच विकलं गेलं. दिवाळीत तेल महागलं म्हणून बोंब मात्र झाली. आणि ३० मे २०२५ ला तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं. ३० मे म्हणजे आपल्याकडे बियाण्याच्या बॅगा घ्यायचे दिवस. काय पेरायचं ते ठरवताना शेतकऱ्याला जी एक गोष्ट माहीत असायला हवी, तीच त्या आठवड्यात बदलली. ऑर्डर दिल्यावर शुल्क कळतं म्हणून आपण चिडतो ना? इथे बी विकत घेताना कळलं, आणि ऑर्डर रद्द करायचं बटण नव्हतं.

कापसाचं तर सांगवत नाही. परदेशी कापसावर २०२१ पासून ११ टक्के शुल्क होतं. १८ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने ते ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं, मग दहा दिवसांत ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे बोंडं फुटून कापूस बाजारात येतो नेमके ते महिने. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्कामुळे कापड उद्योग अडचणीत होता हे खरं. पण ती अडचण सोडवायला हात घातला तो शेतकऱ्याच्या खिशात. आणि तो १८ ऑगस्ट नांदेडकरांनी तरी विसरू नये. त्या दिवशी मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्याने गावं वेढली होती, माणसं दगावली होती. ज्या शहराच्या संशोधन केंद्राने 'नांदेड-४४' हे वाण दिलं, त्या जिल्ह्यात उभा कापूस पाण्यात असताना दिल्लीत कापसाची आयात मोकळी होत होती.

आता ओरड कुणाची ऐकली जाते ते बघा. १६ मे २०२३ ला सरकारने क्रेडिट कार्डाने परदेशात केलेला खर्च परदेशी पैसे पाठवण्याच्या मर्यादेत आणला, म्हणजे १ जुलैपासून त्यावर २० टक्के टीसीएस लागणार होता. ट्विटर पेटलं. तिसऱ्या दिवशी, १९ मे ला, सात लाखांपर्यंतच्या कार्डखर्चाला सूट जाहीर झाली. २८ जूनला क्रेडिट कार्डाचा विषयच बाजूला ठेवला गेला. हा अंतिम कर नव्हताच, रिटर्न भरताना वळता होणारी रक्कम होती. तरी सरकार तीन दिवसांत वाकलं.

पार्सलवाल्यांचंही काही फार वाईट चाललेलं नाही. स्वतःच्या वापराच्या आयात वस्तूंवरचा आयजीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात त्याच वस्तूंवरचा शुल्कदर २० वरून १० टक्के करायची घोषणा झाली. पाच महिन्यांत दोनदा दिलासा. मला आनंदच आहे, माझीही पार्सलं येतात. फक्त 'आमचं कुणी ऐकत नाही' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

यावर एक उत्तर येतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तेल काय फक्त शहरातला माणूस खातो का? गंजगोलाईत पावकिलो तेल घेणारी मजूर बाई ग्राहकच आहे. तिच्याकडे ना सोयाबीन, ना क्रेडिट कार्ड. शुल्क वाढलं की पहिला चटका तिला बसतो. अगदी खरं. मग तिला स्वस्त तेल द्या, रेशनवर द्या, त्याचा खर्च तिजोरीतून करा. आज तिच्या नावाने जो दिलासा दिला जातो त्याचं बिल शेजारच्या गावातल्या पाच एकरवाल्याच्या नावावर फाडलं जातं, आणि सरकारच्या हिशोबात ते कुठेच अनुदान म्हणून दिसत नाही. मध्य प्रदेशाने २०२५ च्या हंगामात सोयाबीनला भावांतर योजना लावली, म्हणजे भाव हमीभावाखाली गेला तर फरकाची रक्कम राज्याने द्यायची. ती कितपत नीट राबली यावर वाद घाला, पण निदान बिल कुणी भरायचं ते तरी त्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्राला हे का जमत नाही, हा प्रश्न लातूरच्या पोरांनी विचारायचा नाही तर कुणी?

आपण तो विचारत नाही, कारण शिकून बाहेर पडताना आपण एक ओळख टाकून आलो आणि 'ग्राहक' ही ओळख अंगावर चढवली. ज्या फीवर शिकलो ती सोयाबीनच्या पट्टीतून आली होती. हमाली, तोलाई वजा करून हाताने लिहिलेली ती पट्टी आपल्यापैकी कितीजणांनी पूर्ण वाचली आहे? कस्टमच्या पावतीतली ओळ न् ओळ मात्र आपण वाचतो, आणि चूक सापडली की तक्रारही करतो. ही सवय चांगली आहे. ती घरच्या कागदांनाही लावायला काय जातं?

कारण अन्यायाची रीत दोन्हीकडे एकच आहे. कस्टममध्ये आपला सेन्सर कुठल्या वर्गात बसतो ते समोरचा माणूस ठरवतो. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र असतं, आणि १२ टक्क्यांच्या वर आकडा गेला की माल नको. २०२४ मध्ये पावसाने भिजलेलं सोयाबीन असंच परत जात होतं. ती मर्यादा १५ टक्के करायला केंद्राने नोव्हेंबरचा मध्य उजाडू दिला. तोवर गरज असलेल्यांनी मिळेल त्या भावात आडत्याला देऊन टाकलं होतं. आपलं पार्सल गोदामात अडकलं तरी त्याचा ट्रॅकिंग नंबर असतो. केंद्राच्या गेटवरून परत फिरलेल्या ट्रॅक्टरचा नसतो.

तेव्हा चेकआउटला पूर्ण शुल्क दिसलं पाहिजे ही मागणी जरूर लावून धरा. तिच्याच शेजारी दुसरी लिहा: मृगाच्या पेरणीपासून माल विकला जाईपर्यंत तेल, पेंड, कापूस यांच्या आयात शुल्काला हात लावायचा नाही, आणि लावायचाच असेल तर पडलेल्या भावाचा फरक त्याच अधिसूचनेत मंजूर करायचा. तेलाचं शुल्क पुन्हा बदलेल, बहुधा सणाच्या तोंडावर. त्या दिवशी फोन उघडाल तेव्हा तेलाच्या पुड्याचा दर दिसेलच. घरी एक फोन करून यार्डात सौदा कितीवर सुटला, तेही विचारून घ्या.