स्वस्त शहराचा हिशेब

कुटुंबमेळावा संपवून मंडळी घरी जाऊ लागली, की एखादा पस्तिशीतला तरुण मागे रेंगाळतो. संगणकाच्या कंपनीत चांगली नोकरी, शाळेत जाणारे एक मूल, घरी वृद्ध आईवडील. तो विचारतो, ‘‘फादर, पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून दिली तर त्यात पाप आहे का?’’ पाप नाही, असे आम्ही सांगतो. मग तो उत्साहाने हिशेब मांडू लागतो. हा हिशेब आता आमच्या वसईतही इतक्या घरांत शिरला आहे, की त्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांला आवश्यक वाटते.

हिशेब असा. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी जमली की माणूस मोकळा. विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली केलेल्या अभ्यासाचा त्याला आधार दिला जातो. पहिल्या वर्षी पुंजीतून सुमारे चार टक्के रक्कम काढावी, पुढे ती महागाईच्या प्रमाणात वाढवीत जावी, म्हणजे पुंजी पुरते, असा त्याचा मथितार्थ. महिन्याला एक लाख खर्च असेल तर तीन कोटी हवेत. तोच खर्च पन्नास हजारांवर आणला तर दीड कोटीत काम भागते. खर्च निम्म्यावर आणण्याचा सोपा उपाय कोणता? स्वस्त शहर! म्हणून नाशिक, कोल्हापूर, बेळगाव यांची भाडी, भाजीचे दर आणि शाळांचे शुल्क यांचे तक्ते तयार होतात, आणि ज्या शहरात निवृत्ती सर्वांत लवकर येते ते शहर ‘आपले’ ठरते.

या तरुणाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. विरार लोकलमध्ये रोज तीन-चार तास उभ्याने काढणाऱ्याला विश्रांतीची ओढ वाटली तर नवल ते काय? पंचेचाळिशी उलटताच कंपन्या माणसाला ओझे समजू लागतात, हेही तो डोळ्यांनी पाहतो. श्रमिकाला न्याय्य वेतन आणि विश्रांती मिळालीच पाहिजे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच आपल्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले आहे. तसेच, मुंबईचे भाडे परवडत नाही म्हणून जे कुटुंब मुलाबाळांसह दुसऱ्या गावी जाते, त्याच्याविरुद्ध आमचा एक शब्दही नाही. पोटासाठी गाव सोडणे वेगळे, आणि काम लवकर टाकता यावे म्हणून गाव निवडणे वेगळे.

आता त्या हिशेबाकडे वळू. बेंगन यांचा अभ्यास अमेरिकेच्या शेअरबाजाराच्या व रोख्यांच्या आकड्यांवर उभा आहे, आणि त्यांनी विचार केला तो मुख्यतः तीस वर्षांच्या निवृत्तीचा. पंचेचाळिसाव्या वर्षी थांबणारा माणूस पंच्याऐंशीपर्यंत जगला तर चाळीस वर्षे होतात. तो जगणार भारतात, इथल्या महागाईत, इथल्या रुग्णालयांच्या बिलांत. आणि खर्चाच्या त्या तक्त्यात वडिलांच्या डायलिसिसचा रकाना कुठे आहे? विधवा बहिणीच्या मुलाच्या शिक्षणाचा कुठे आहे? हिशेब निम्म्यावर आला तो केवळ शहर स्वस्त म्हणून नव्हे. त्यातून माणसे वगळली म्हणूनही!

शिवाय स्वस्त शहर म्हणजे काय, हे आम्हा वसईकरांना कोणी शिकवावयास नको. वसई-विरार हेच एकेकाळी मुंबईकरांचे स्वस्त शहर होते. लोक आले ते गरजेपोटी आले. त्यांच्यावर आमचा राग नाही. परंतु केवळ ‘दर किती?’ एवढेच विचारून ज्यांनी इथल्या जमिनीचा व्यापार मांडला, त्यांनी काय केले? बावखळे बुजली, वाड्या उजाड झाल्या, गावच्या विहिरींचे पाणी टँकरमधून निघून गेले. १९८८ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईचा लढा उभारला तो याच हावरेपणाविरुद्ध. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. ज्यांनी हे सोसले, त्यांच्याच मुलांनी आता दुसऱ्याच्या गावाकडे दरपत्रक म्हणून पाहावे? मोठ्या शहरातला पैसा घेऊन आपण तिथे गेलो, की तिथल्या शिक्षकाला, रिक्षावाल्याला घर महाग होते. आपली स्वस्ताई ही त्याची महागाई असते.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र कामाविषयीच्या कल्पनेला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात काम हे माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडले. काम म्हणजे लवकरात लवकर फेडून टाकावयाचे कर्ज नव्हे. संत पौल सुवार्ता सांगत फिरला, पण करिंथमध्ये तंबू शिवण्याचा धंदाही करीत राहिला. आणि संत लूकच्या शुभवर्तमानातील तो धनवान शेतकरी आठवा. भरघोस पीक आले हा त्याचा अपराध नव्हता. कोठारे मोठी बांधावी, मग आरामात खावे-प्यावे, असा बेत तो करतो; पण साऱ्या बेतात तो बोलतो केवळ स्वतःशी. बायको नाही, शेजारी नाही, मजूर नाही. आमच्या तरुणांच्या तक्त्यांतही आम्हांला हेच एकटेपण दिसते.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन द्यावयास जातो. कित्येक घरांचे दार शेजारीण उघडते. मुले कॅनडात, ऑस्ट्रेलियात. आता काही स्वस्त शहरांत. खाटेवरची म्हातारी आम्हांला मुलाचा फोटो दाखवते आणि म्हणते, ‘‘सुखात आहे तो.’’ त्या वाक्यापुढे आम्हांला कोणतेही प्रवचन सुचत नाही.

लवकर निवृत्ती घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली तेव्हा ती घेतलेले एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. दुसऱ्याच आठवड्यापासून ते गावातल्या अडाणी म्हाताऱ्यांचे पेन्शनचे, रुग्णालयाचे कागद भरून देऊ लागले. त्यांनी नोकरी सोडली, काम सोडले नाही. आणि गाव तर मुळीच सोडले नाही.

तेव्हा तरुण मित्रांनो, पुंजी जरूर जमवा. उधळपट्टी टाळा, कर्जाच्या फासात अडकू नका, साधे राहा. हे सारे ख्रिस्ती माणसाला शोभणारेच आहे. मात्र ‘मी कुठे स्वस्तात राहीन?’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘माझी गरज कुठे आहे?’ हा प्रश्न घरी, आईवडिलांसमोर बसून विचारा. त्याचे उत्तर नाशिक आले तर आनंदाने नाशिकला जा. तिथल्या धर्मग्रामात नाव नोंदवा, तिथल्या माणसांचे व्हा. आणि उत्तर याच गावात, याच घरात मिळाले, तर निवृत्ती दहा वर्षे लांबली म्हणून हळहळू नका. ती दहा वर्षे वाया गेलेली नसतील. ती कोणाच्या तरी उशाशी बसलेली असतील.