‘नैसर्गिक म्हणून सौम्य’? मग बिब्बा काय कारखान्यात होतो?

मंडळी, हल्ली तोंडाला लावायच्या बाटल्यांवर एक नवं नाव दिसतंय. ‘विलो बार्क एक्स्ट्रॅक्ट’, म्हणजे विलो नावाच्या झाडाच्या सालीचा अर्क. मुरुमांवर गुणकारी, सॅलिसिलिक अ‍ॅसिडला ‘नैसर्गिक आणि सौम्य’ पर्याय, असं पुढे लिहिलेलं असतं. आमच्या ढोकीतसुद्धा कुरियरने ही बाटली येते. नातीने मागवली होती, ती मी चष्मा लावून वाचली. ३० मिली, आणि किंमत खुरपणीच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी!

झाडाशी माझं भांडण नाही. त्याचाच भाऊबंद आपल्याकडे नदी-ओढ्याच्या काठी वाढतो, त्याला वाळुंज म्हणतात. सालीचा इतिहासही मोठा आहे. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने तिची भुकटी थंडीतापावर दिली आणि रॉयल सोसायटीला तसं कळवलं. १८२८ मध्ये म्युनिकच्या बुखनरने सालीतून सॅलिसिन वेगळं काढलं. १८३८ मध्ये पिरिया या इटालियन शास्त्रज्ञाने त्यापासून सॅलिसिलिक अ‍ॅसिड केलं. पुढे १८९७ मध्ये अ‍ॅस्पिरिन आलं.

माझं भांडण आहे ‘सौम्य’ या विशेषणाशी. (जन्मभर मराठी शिकवलं, विशेषणं दिसली की हात शिवशिवतात!) सालीत असतं ते मुख्यतः सॅलिसिन. ते पोटात गेलं की आतडी आणि यकृत मिळून त्याचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड करतात. आता गालाला काही आतडी नसतात! कातडीवर हा बदल पुरेसा होतो, याला भक्कम पुरावा नाही. मग दोनच शक्यता उरतात. अर्कातून अ‍ॅसिड खरोखर मिळत असेल, तर ते अ‍ॅसिडच. झाडातून आलं म्हणून कातडी त्याला वेगळी वागणूक देत नाही. आणि मिळत नसेल, तर बाटली सौम्य आहे खरी, पण सौम्य तर आडाचं पाणीही असतं. गुण अ‍ॅसिडचा सांगायचा आणि सौम्यपणा झाडाचा, हे दोन दगडांवर पाय ठेवणं झालं.

खरा प्रश्न ‘किती’ हा आहे. मुरुमांच्या औषधात सॅलिसिलिक अ‍ॅसिड साधारण ०.५ ते २ टक्के असतं. पायाच्या कुरुपावर लावायच्या पट्टीत तेच ४० टक्क्यांपर्यंत असतं. पदार्थ एकच, आकड्याने काम बदललं. अर्काच्या बाटलीवर हा आकडा मला सापडला नाही. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही लिहिलेले चालतात. म्हणजे चिमूटभर अर्क घालून पुढे झाडाचं चित्र छापायला वाट मोकळी.

आणि ‘नैसर्गिक’चं म्हणाल, तर बिब्बा झाडालाच लागतो ना? त्याचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात. उगाच नाही आपल्या भाषेत दुसऱ्याच्या कामात ‘बिब्बा घालतात’. गाजरगवतही आपोआपच उगवतं. ते उपटणाऱ्या बायकांच्या हातांची खाज कुणी विचारा.

कुणी म्हणेल, मास्तर आजीबाईच्या बटव्यावर उठले. मुळीच नाही! १९९५ मध्ये हळदीने जखम बरी करण्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर त्याविरुद्ध लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ‘आमची हळद नैसर्गिक आहे हो’ एवढ्यावर नव्हे. जुना संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय मासिकातला लेख पुढे ठेवला, तेव्हा जिंकलो. बटव्याची इज्जत पुराव्याने राहिली.

तेव्हा घरातल्या लेकी-सुनांनो, नातींनो, बाटली घेण्याआधी विचारा: कशाचा अर्क, किती टक्के, आणि कशावरून? अ‍ॅस्पिरिन सोसत नसेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. मुरूम फारच त्रास देत असतील, तर तेच पैसे कातडीच्या डॉक्टरला द्या. आणि वयात आलेल्या पोरींच्या तोंडावर मुरूम येतातच, त्यावरून लग्नकार्यात त्यांना टोचून बोलणं आपण मोठ्यांनी आधी बंद करूया. निम्म्या बाटल्या त्या टोचण्यावरच खपतात.

असो. कुणाच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली असेल, तर जरूर कळवा.