मुद्दल आणि व्याज

परवा कोथरूडला कर्वे पुतळ्यापाशी आम्ही बसची वाट पाहत उभे होतो. सुतारदऱ्यातल्या एका मावशींनी आम्हाला गाठलेच. "भाऊ, पोराच्या लग्नाला चार वर्षं झाली, अजून पाळणा हलत नाही. दुसरं करावं म्हणते. सोडचिठ्ठीचा कागद कसा करायचा तेवढं सांगा." कारकुनी करतो म्हणून लोक आम्हाला वकीलच समजतात!

आम्ही विचारले, "सुनेच्या तपासण्या झाल्या का?" "चार डॉक्टर झाले." "आणि मुलाच्या?" मावशी गप्प. मग म्हणाल्या, "त्याला काय धाड भरलीय? पुरुषमाणूस आहे तो."

धाड भरून गेली होती. लग्नाआधी मुलाला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला होता. केमोथेरपी झाली, पोरगा खडखडीत बरा झाला. त्या उपचाराचा आणि पाळण्याचा काही संबंध असू शकतो, हे त्या घराला ना आधी कोणी सांगितले, ना नंतर. आम्ही समजूत घालून मुलाला तपासणीला नेले. रिपोर्ट आला : शुक्रजंतू शून्य.

डॉक्टरांनी जे समजावले ते आम्ही आमच्या बी. कॉम.च्या भाषेत सांगतो. स्त्रीची बीजे जन्मतःच अंडाशयात जमा असतात. ती ठेव एकदाच भरलेली. पुढे फक्त खर्च. पुरुषाचे खाते वेगळे. त्याच्या वृषणातल्या बारीक नळ्यांच्या कडेला मूलपेशी असतात. त्या विभागतात तेव्हा काही पेशी मूलपेशी म्हणूनच जागेवर राहतात आणि बाकीच्या शुक्रजंतू बनण्याच्या वाटेला लागतात. मुद्दल शाबूत आणि व्याज चालू! एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, पण रांगेत सगळे असल्यामुळे रोज कोट्यवधी तयार होतात आणि हा कारभार म्हातारपणापर्यंत चालतो. (म्हणून 'एका थेंबाला चाळीस थेंब रक्त' सांगून पुड्या विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. नसबंदीलाही भिऊ नका. तिने फक्त वाट बंद होते. कारखाना चालूच राहतो आणि शुक्रजंतू शरीरातच जिरतात. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३!)

जोराचा ताप आला तर व्याज बुडते, पण मुद्दल असते म्हणून दोन-तीन महिन्यांत गाडी रुळावर येते. केमोथेरपीचे औषध वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. मूलपेशी थोड्या वाचल्या तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, शुक्रजंतू पुन्हा दिसतात. काही औषधे मोठ्या मात्रेत दिली की मुद्दलच संपते. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वी वीर्याचा नमुना गोठवून ठेवायचा असतो. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर, तो वर्षानुवर्षे टिकतो. एका दिवसाचे काम. आमच्या या मुलाला कोणी विचारलेच नाही आणि आईबाप जिवाच्या भीतीत होते; त्यांना दोष कसा द्यावा?

वयात न आलेल्या मुलांचे शुक्रजंतू तयारच नसतात, मूलपेशी मात्र असतात. अमेरिकेत ब्रिन्स्टर यांनी १९९४ मध्ये एका उंदराच्या मूलपेशी दुसऱ्याच्या वृषणात घालून शुक्रजंतू तयार करून दाखवले. २०१९ मध्ये, वयात येण्यापूर्वी गोठवलेल्या वृषणाच्या तुकड्यापासून माकडाचे एक पिल्लू जन्मल्याचे जाहीर झाले. माणसांच्या मुलांसाठी ती वाट अजून प्रयोगाचीच आहे.

हे सारे छापायला संकोच कशाचा? ज्या पुतळ्याखाली मावशी भेटल्या, त्या महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढून त्यांनी वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरे दिली. त्यावरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, दंडही झाला. पण आपल्या घरात तेच प्रश्न आजही कुजबुजत विचारावेत?

रविवारी आम्ही सुतारदऱ्यात गेलो. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या आहेत : सूक्ष्मदर्शकाखाली वृषणात कुठे थोडे शुक्रजंतू सापडतात का ते पाहणे किंवा मूल दत्तक घेणे. पहिलीला पैसा लागतो आणि हमी नाही. हे सांगत असताना मावशी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. सोडचिठ्ठीचा विषय निघाला नाही.

सूनबाईंनी आतून आपल्या तपासण्यांची जाडजूड फाईल आणली. "दादा, ही आता रद्दीत घालू का?" आम्ही काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "नको. माझा रिपोर्टही त्यातच लाव. सगळ्यात वर."