दूरक्षेत्राचं कुलूप काढा, पण आमच्या अटींवर



बंद पडलेलं पोलीस दूरक्षेत्र पुन्हा उघडा, अशी मागणी आमच्या खाडीपट्ट्यातून अधूनमधून होते. करणारे बहुतेक पुरुष. कुणाचा पंप चोरीला गेलेला असतो, कुणाला बाजारपेठेत रात्रीची गस्त हवी असते. बायकांना ते कशासाठी हवंय, हे कुणी विचारलेलं नाही. म्हणून हे न विचारता सांगणं.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, राज्यात ९२९. भाषणांत या आकड्याचं फार कौतुक होतं. पण हा काही मुलींच्या लाडाचा पुरावा नव्हे. पुरुष मुंबईला चाकरीला, म्हणून इथे बायका जास्त दिसतात. घरात बाई, थकलेली सासू आणि पोरं. घरं डोंगरउतारावर, वाड्यावाड्यांत विखुरलेली. अशा ठिकाणी जवळचं दूरक्षेत्र कुलूपबंद, कारण ‘मनुष्यबळ नाही’. मंत्र्यांच्या दौऱ्याला बरं हे मनुष्यबळ सापडतं!

रात्री मार खाल्लेल्या बाईने करायचं काय? शेवटची एसटी येते ती मुक्कामाला, सुटते पहाटे. रिक्षाला पैसे हवेत, ते मारणाऱ्याच्याच खिशात. दाभोळ-धोपावे फेरीबोट रात्री बंद होते; मग अलीकडून पलीकडे जायला चिपळूणवरून वळसा. उजाडेपर्यंत सासरा, दीर आणि वाडीतले दोन कर्ते समजूत घालून जातात. दुपारपर्यंत वळ फिके पडतात आणि तक्रारही. गेली काही वर्षं मी बायकांबरोबर ठाण्याची पायरी चढते आहे. तिथला पहिला प्रश्न ठरलेला: ‘काल का नाही आलात?’

आता ११२ नंबर आहे ना, असं सांगतात. आहे, फिरवावाही. पण दरीतल्या वाडीत फोनला रेंज मिळेपर्यंत आणि घाटाने गाडी येईपर्यंत जो वेळ जातो, तोच तर तिच्या जिवावर बेततो. शिवाय फोनवरचा माणूस तिला ओळखत नाही. उद्या नवरा पुन्हा हात उचलेल तेव्हा तो दारात उभा नसतो.

पोलीस लांब गेले की न्याय कुणाच्या हाती जातो, हे कोकणातल्या बाईला सांगायला नको. गावकीच्या आणि भावकीच्या. तिथे बसणारे कोण, तर मारणाऱ्याचेच चुलते. बाई ऐकत नसेल तर घर वाळीत टाकायचं: पाणवठा बंद, लग्नाकार्याला बोलावणं बंद. याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. पण गुन्हा नोंदवणारा हवालदार तीस-चाळीस किलोमीटरवर असेल तर वाळीत पडलेली बाई तो कायदा कुठे लावणार?

२००७ साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली. जमिनीच्या बांधाचे तंटे गावातच मिटले तर चांगलंच. पण गावाला बक्षीस तंटे मिटवल्याबद्दल. मग नवऱ्याने डोकं फोडलं हाही ‘तंटा’ आणि तो मिटवणं म्हणजे बाईला परत पाठवणं! गावाच्या सहभागाचं पोलीसकाम म्हणतात ते हेच असेल, तर आम्हाला नको. सहभाग चांगला कसा होतो हेही महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. भिवंडीत १९८८ पासून सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या आणि मुंबई पेटली त्या १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत राहिली. तिथे दोन्ही समाजांची माणसं पोलिसांसमोर एका सतरंजीवर बसत होती. आमच्या गावात त्या सतरंजीवर बाई कुठे बसते?

आणि दूरक्षेत्र उघडलं म्हणजे झालं, असंही मी म्हणत नाही. मथुरा प्रकरण आपण विसरायचं नाही. २६ मार्च १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं. आदिवासी मुलीवर बलात्कार झाला तो ठाण्याच्या आवारातच. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघाही पोलिसांना सोडलं. देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ ला कायदा बदलला. दिवा लागलेलं ठाणं म्हणजे सुरक्षित ठाणं, असं आपलं कधीच म्हणणं नव्हतं.

तेव्हा उघडायचं तर असं: दूरक्षेत्रात महिला पोलीस, आणि ती रात्रीही. एकटी नव्हे, दोघी. त्यांना राहायला जागा आणि धड संडास, नाहीतर दोन महिन्यांत त्या बदली मागतील आणि दोष त्यांच्या माथी येईल. दक्षता समितीत पुढाऱ्यांच्या घरच्या बायका नकोत. बचतगटातल्या, मच्छी विकणाऱ्या, बौद्धवाडीतल्या, मोहल्ल्यातल्या हव्यात. तक्रार दूरक्षेत्रातच लेखी घ्यायची, ‘ठाण्यात जा’ म्हणायचं नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही. बलात्काराची फिर्याद न नोंदवणारा पोलीस स्वतः गुन्हेगार ठरतो, ही तरतूद तर २०१३ ची. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती हातात घेतल्याशिवाय उठू नका.

नियमित ग्रामसभेआधी बायकांची सभा घेणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. अनेक गावांत ती वहीतच होते. पुढच्या वेळी आपण तिथे जाऊन बसायचं, दूरक्षेत्राचा ठराव आपल्या अटींसकट लिहून घ्यायचा, सही-अंगठे करायचे आणि प्रत थेट रत्नागिरीला, पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात आवक-शिक्का मारून घ्यायची. आमच्या पंचक्रोशीतल्या बायकांनी मसुदा केला आहे. हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कार्ड टाका.