घरचा धंदा वहीत मांडा

भगिनींनो, नगरचे मुकुंदनगर असो की भिंगार, आपल्या मोहल्ल्यांत शिलाई, शेवया, लोणची असा काही ना काही धंदा घराघरांतून चालतो. पण पालकसभेला येणाऱ्या आया आम्हाला सांगतात, "दिवसभर मशीन चालते, महिनाअखेर हातात काही राहत नाही." मग पैसा जातो कुठे?

एक तर उधारीत. खाला, फुफू, शेजारीण यांच्याकडे मागायची शरम वाटते. कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, 282) उधारीच्या व्यवहारावरच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहून ठेवा, असे ती सांगते. लिहिलेले असले की वाद होत नाही, नाते टिकते.

दुसरे, आपली मजुरी आपणच धरत नाही. ब्लाऊजच्या भावात धागा, अस्तर, वीज येते; दोन-तीन तासांची मेहनत येत नाही. ती धरूनच भाव सांगा.

1959 मध्ये मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातूनच 'लिज्जत' उभी राहिली.

खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या. 'उद्यम' नोंदणीला सरकारी फी नाही, हेही ध्यानात ठेवा.

आजच मुलांची एखादी अर्धी कोरी वही घ्या. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले लिहा. बेरीज मुलीला करू द्या. तिचे गणित पक्के होईल आणि आईच्या मेहनतीची किंमतही तिला कळेल.