दुसरी वाट कुठून नेणार?

बदलापूर एमआयडीसीतल्या रसायन कारखान्याला ‘तीनशे एमबीपीएस’चे पत्रक दाखवून आता भागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या फेब्रुवारी २०१४च्या निर्देशांनंतर औषधे, रंग, कीटकनाशके अशा १७ प्रवर्गांतल्या कारखान्यांना सांडपाण्याची आणि धुराची मोजमापे सतत ऑनलाइन पाठवावी लागतात. १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. त्याचा क्रमांक मिळेपर्यंत भरलेला ट्रक गेटवर उभा. या गिऱ्हाइकाला वेगापेक्षा न तुटणारी लाइन हवी आहे. आपण इंटरनेट पुरवणारे मात्र त्याला बरेचदा घरगुतीच जोडणी देतो. व्यावसायिक असते ते फक्त बिल.

या घरगुती जोडणीमागच्या जीपॉनचा हिशेब आपल्याला पाठ आहे. खाली अडीच गिगाबिट, वर सव्वा, आणि तेही एका पोर्टवरच्या ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटलेले. सीएच्या कार्यालयाला ते पुरते. कॅमेऱ्यांचे चित्रण आणि रोजचा बॅकअप बाहेर पाठवणाऱ्याला अपलोड कमी पडतो. त्याला एक्सजीएस-पॉन द्या, नाहीतर स्वतंत्र कोअर काढून द्या. तंत्राची अडचण आता राहिलेली नाही.

अडचण आहे वाटेची. एका अंगाला उल्हास नदी, मधून रेल्वे, आणि मुंबईकडचा बहुतेक व्यवहार अंबरनाथ–उल्हासनगर–कल्याणच्या पट्ट्यातून. कारखानदार हुशारीने दोन कंपन्यांकडून दोन लाइन घेतो. दोन्ही केबल एकाच रांगेतल्या विजेच्या खांबांवरून गेलेल्या असतात. मग एक जेसीबी, एक वाकलेला खांब, आणि दोन्ही लाइन एकदम बंद. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. असे पाणी चढले की नीट सील केलेला क्लोजर टिकून राहतो. बंद पडतो तो तळमजल्यावरचा स्विच आणि त्याची बॅटरी. नोड पूररेषेच्या वर हवा, हे सांगायला सल्लागार कशाला लागतो?

म्हणून व्यावसायिक जाळे म्हणजे रिंग. एक बाजू कल्याणकडे, दुसरी काटई रस्त्याने शिळफाटा, महापेच्या डेटा सेंटरांकडे, जमल्यास तिसरी कर्जत–पनवेलमार्गे. वळसा लांब पडतो ही तक्रार फोल आहे. बदलापूर ते सीएसएमटी रेल्वेने ६८ किलोमीटर. काचेतून प्रकाश तेवढे अंतर मिलिसेकंदाच्या एक तृतीयांशात कापतो. अंतर दुप्पट झाले तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागणार नाही. पैसा लागतो तो काचेला नव्हे, खड्ड्याला. रस्ता नगरपरिषदेचा, पुढचा एमआयडीसीचा, त्यापुढचा सार्वजनिक बांधकामचा, आणि रूळ ओलांडायचे तर रेल्वेची परवानगी.

१ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या दूरसंचार मार्गाधिकार नियमांनी ऑनलाइन अर्ज आणि निर्णयाची मुदत आणली. ठीक आहे. पण काँक्रीटचा रस्ता एकदा ओतला की मुदतीत मिळालेली परवानगीही महागात पडते. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेने प्रत्येक नव्या काँक्रीट रस्त्याखाली मोकळे डक्ट टाकून ते भाड्याने द्यावेत. स्टॉकहोम शहराने १९९४ साली ‘स्टोकाब’ ही स्वतःची कंपनी काढली; ती आजही डार्क फायबर भाड्याने देते आणि ग्राहकाला सेवा विकायच्या भानगडीत पडत नाही. बदलापूरजवळून मोर्बेकडे निघालेल्या वडोदरा–मुंबई द्रुतगती मार्गालगतही फायबरला जागा मागता येईल. महामार्ग प्राधिकरणाने दिल्ली–मुंबई मार्गावर अशा पट्ट्याची योजना २०२३मध्ये जाहीर केलीच आहे.

नगरपरिषदेने डक्ट टाकले तर ते वापरायला आपण तयार आहोत का, हा प्रश्न मात्र आपल्याच घरातला आहे. शेजारच्या केबलवाल्याशी चेंबर वाटून घेण्यापेक्षा आणखी एक वायर खांबाला बांधणे आपल्याला सोपे वाटते, कारण चेंबरची किल्ली कोणाकडे राहणार यावरूनच बोलणी मोडतात. किल्ली तिसऱ्याकडे ठेवा, चेंबर उघडल्याची नोंद ठेवा, दोघांच्या कोअरला वेगळे रंग नि वेगळ्या ट्रे द्या. आणि पुढच्या कारखान्याला कोटेशन देताना त्यासोबत दोन्ही वाटांचा नकाशा जोडा. केबल जिथे एका खांबावर येतात तिथे लाल खूण करा, गिऱ्हाइकाने विचारले नसले तरी.