नुसतं बघायचे पैसे

नाडी न बघताच वैद्याने काढा दिला, तर माणसे त्या वैद्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकत नाहीत. पण गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडता "कार्बोरेटर गेला" असे सांगितले, की हीच माणसे "काय अनुभव आहे हो!" म्हणत खिशात हात घालतात. माझे भांडण आहे ते या श्रद्धेशी.

आमची गाडी म्हणजे कार्बोरेटरची, एसीवाली मारुती ८००. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तेव्हा तिच्या जातीची जी कोणी उरली आहेत, ती सगळी वयोवृद्धच. आमच्या म्हातारीला दोन दुखणी एकदम लागली. उभी केली, की हिवताप भरल्यासारखी थडथडायची. आणि ब्लोअरने मौन धरले. आता पंखा नाही तर नाही, घाम पुसता येतो. पण पावसाळ्यात आतून काच धुरकटते, आणि समोरून एस.टी. येते आहे की नुसताच उजेड येतो आहे हे कळेनासे होते. तिथे गंमत संपते.

साताऱ्यातल्या एका गॅरेजात निदान झाले : "कार्बोरेटर नवा आणि ब्लोअरची मोटार नवी."

"बघितलंत का?"

"बघायचं काय त्यात, साहेब? आवाजच सांगतोय की!"

सांगलीला मेव्हण्यांकडे गेलो. त्यांच्या माहितीतल्या एकाने गाडीकडे पाठ करूनच सांगितले, "दोन्ही एकदम बिघडलंय न्हवं? मग बॅटरी!" घरात आजी आणि घड्याळ एकाच दिवशी बंद पडले, तर या गृहस्थाने दोघांनाही एकच किल्ली दिली असती.

अहो, यंत्र काही कोड्यात बोलत नाही. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरावर चालत असेल, तर बहुधा रेझिस्टर गेलेला असतो. एकाही नंबरावर चालत नसेल, तर आधी फ्यूज बघावा, मग मोटारीपर्यंत करंट पोचतो का ते टेस्ट लॅम्पने बघावे. करंट येतो, अर्थिंगही ठीक आहे, तरी मोटार गप्प आहे, असे झाले तरच मोटारीवर आरोप ठेवावा. त्यातही पुष्कळदा नुसते कार्बन झिजलेले असतात.

थडथडीचेही तसेच. सिलिंडर तीन. इंजिन चालू ठेवून जाणत्याने एकेका प्लगची वायर क्षणभर काढावी. जी काढल्यावर इंजिन आणखी अडखळते, तो सिलिंडर कामाचा. जी काढूनही काही फरक पडत नाही, तो हजेरीपटावर सही करून घरी गेलेला. तिघेही इमानदार निघाले, तर कुठून फालतू हवा शिरते आहे का ते शोधावे. रेस दिली की थडथड जाते आणि सोडली की येते, तेव्हा हा संशय बळावतो. कारण इंजिन मोठा घास घेत असताना चोरून शिरलेली चिमूटभर हवा खपून जाते, लहान घासाला ती बाधते.

अखेर सांगलीतच एका म्हाताऱ्या वायरमनने अर्धा तास काही न बोलता हे सगळे केले. व्हॅक्यूमचा एक पाइप बोटांनी चिमटला, आणि इंजिन शहाण्या पोरासारखे गप्प बसले. पाइपला चीर होती. ब्लोअरच्या अर्थिंगच्या वायरीला गंज होता; तो घासला, मोटार फिरली. दुखणी दोन आणि कारणेही दोन. बॅटरी बिचारी निर्दोष सुटली.

"किती द्यायचे?"

"पाइपाचे तेवढे द्या. बाकी काय, नुसतं बघितलंय."

माझा सगळा राग या "नुसतं"वर आहे. पाइप कोणीही विकतो. बघितले ते त्याने! पण गिऱ्हाईक डब्यातल्या नव्या पार्टचे हजारो रुपये मुकाट मोजते, आणि बघण्याचे शंभर मागितले की "हात तर लावला नाहीस!" म्हणून हुज्जत घालते. मग गॅरेजवाला बघेल कशाला? ज्याचे पैसे मिळतात तेच तो करणार. पार्ट बदलण्याचा हा रोग गॅरेजात दिसतो, पण त्याचे मूळ गिऱ्हाइकाच्या खिशात आहे.

आणि हे कुठे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभारून लोखंडी नांगर घडवले, तो माळ आज सांगली जिल्ह्यात आहे. धनजीशा कूपरांनी डिझेल इंजिने बनवली ती साताऱ्यात. जिथे यंत्रे जन्माला आली, तिथे आता त्यांची नाडी बघणाऱ्याला दक्षिणा नाही!

ज्योतिषी नुसती पत्रिका बघून पैसे घेतो. मुलगी बघायला आलेली मंडळी नुसती बघून वर पोहेही खातात. त्या वायरमनला मी बघण्याचे पैसे बळेच दिले, तर ते खिशात टाकताना तो बिचारा लाजला. लाजायला पाहिजे होते ते बॉनेट न उघडणाऱ्यांनी. तेव्हा प्रत्येक गॅरेजवर आधी एक पाटी लागली पाहिजे : "बघण्याचे पैसे पडतील." आणि तिच्याखाली, गिऱ्हाइकाला वाचता येईल अशा ठळक अक्षरात : "न बघता सांगितल्यास देऊ नयेत."